मल्टिकोअर केबलचा जोड: कनेक्टर सगळ्यात शेवटी निवडा

नवी मुंबईच्या रबाळे-महापे पट्ट्यात किंवा ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये मशीन बनवणाऱ्या बहुतेक गाळ्यांत एकच प्रसंग पुन्हा पुन्हा घडतो. पॅनल तयार आहे, मशीन तयार आहे, टेम्पो उद्या सकाळी येणार आहे. मग कुणाच्या तरी लक्षात येतं की दोन्ही वेगवेगळे जाणार, म्हणजे मधली केबल सोडता-जोडता यायला हवी. लगेच मुंबईला लोहार चाळीच्या इलेक्ट्रिकल बाजारात माणूस धाडला जातो: "24 पिनचा कनेक्टर घेऊन ये." तो आणतो, आणि मग त्यात जे बसेल तसं वायरिंग कोंबलं जातं.

सहा महिन्यांनी पिन काळी पडते, पावसाळ्यात व्हॉल्व्ह आपोआप उडतो, नाहीतर कुणीतरी दोन सारखे प्लग अदलाबदल करून कंट्रोलरचं कार्ड जाळतं. कनेक्टरला दोष दिला जातो. माझ्या अनुभवात दोष बहुधा क्रमाचा असतो. आधी लोड, मग केबल, मग जोडांची वाटणी, मग पिन-चार्ट आणि त्यानंतर कनेक्टर, हा क्रम पाळला तर निम्म्या चुका कागदावरच सापडतात.

पुढे एकच उदाहरण घेतलं आहे. पाउच पॅकिंग मशीन मेझनाइनवर (मधल्या माळ्यावर), पॅनल खाली, केबलचा मार्ग 30 मीटर. मशीनवर 1.5 किलोवॅटची थ्री-फेज मोटर (ड्राइव्हवर, म्हणजे वेग बदलणाऱ्या यंत्रणेवर), 230 व्होल्टचे एकूण 2 किलोवॅटचे हीटर, 24 व्होल्ट डीसीवर उघड-बंद होणारे 6 सोलेनॉइड व्हॉल्व्ह, 8 सेन्सर, तापमान मोजणारा एक के-टाइप थर्मोकपल आणि एक इमर्जन्सी स्टॉप.

सावधान: 230 आणि 415 व्होल्टची जोडणी व चाचणी परवानाधारक वायरमन किंवा सुपरवायझरकडूनच करून घ्या. खाली दिलेलं सगळं काम सप्लाय बंद, लॉक आणि तपासलेला असताना करायचं आहे.

## टप्पा 1: लोडची यादी करा

प्रत्येक कोअरसाठी (केबलमधल्या प्रत्येक वायरसाठी) एक ओळ लिहा: काय जोडायचं, व्होल्टेज किती, सततचा करंट किती, आणि त्याच्या आधी कोणता एमसीबी (जादा करंटला आपोआप पडणारा स्विच) किंवा फ्यूज आहे.

आपल्या मशीनमध्ये मोटर सुमारे साडेतीन अँपिअर घेईल. हीटर 2000 भागिले 230, म्हणजे 8.7 अँपिअर. 4.8 वॅटचा सोलेनॉइड 0.2 अँपिअर घेतो, सहा मिळून 1.2. सेन्सरचा करंट किरकोळ आहे.

शेवटचा रकाना बहुतेक जण गाळतात, आणि महाग तोच पडतो. पिन 10 अँपिअरची आणि आधीचा एमसीबी 16 चा असेल, तर बिघाडाच्या वेळी एमसीबी पडण्याआधी पिन तापते. संरक्षण नेहमी मार्गातल्या सर्वांत कमकुवत दुव्याला धरून ठरवायचं, मग तो दुवा केबल असो, पिन असो की टर्मिनल.

## टप्पा 2: केबल ठरवा, आणि व्होल्टेज ड्रॉप मोजा

हलणाऱ्या किंवा वारंवार सोडायच्या केबलसाठी बारीक तारांची लवचिक कोअर घ्या, म्हणजे क्लास 5. एकाच जाड तारेची कोअर क्रिंप पिनसाठी (तारेवर दाबून बसवायच्या पिनसाठी) चालत नाही, आणि वाकवून वाकवून मोडतेही.

क्लास 5 तांब्याचा 20 अंशांवरचा कमाल रोध लक्षात ठेवण्यासारखा आहे: 0.5 चौरस मिमीला किलोमीटरमागे 39 ओम, 0.75 ला 26, 1.5 ला 13.3 आणि 2.5 ला 7.98.

आता 24 व्होल्टचा हिशोब करू. 0.5 ची एक कोअर 30 मीटरला 1.17 ओम. सहाही व्हॉल्व्हचा परतीचा 0 व्होल्ट एकाच कोअरमधून आणला तर तिच्यात 1.2 अँपिअरवर 1.4 व्होल्ट जातात. व्हॉल्व्हच्या स्वतःच्या कोअरमध्ये आणखी 0.23. म्हणजे 24 चे 22.4 उरले. व्हॉल्व्हला 10 टक्के सूट धरली तर खालची मर्यादा 21.6. हातात जेमतेम पाऊण व्होल्ट उरला, आणि त्यातून पीएलसीच्या (मशीन चालवणाऱ्या कंट्रोलरच्या) आउटपुटचा व जोडांचा ड्रॉप अजून वजा करायचा आहे. वर्कशॉपमध्ये दोन मीटर केबलवर चाललेलं मशीन साइटवर कधीकधी व्हॉल्व्ह का उघडत नाही, त्याचं उत्तर बऱ्याचदा इथेच असतं.

उपाय साधा आहे. परतीचा मार्ग दोन गटांत वाटा: व्हॉल्व्ह 1 ते 3 ला एक कोअर, 4 ते 6 ला दुसरी. कॉमनमधला ड्रॉप निम्मा होतो.

इथे अनेक जण दोन पिना समांतर जोडून करंट दुप्पट धरतात. तसं करू नका. दोन पिनांचा संपर्करोध कधीच सारखा नसतो, त्यामुळे करंट सारखा वाटला जात नाही. त्यातली एक सुटली तरी मशीन चालू राहतं, आणि उरलेली पिन गुपचूप जळत राहते.

## टप्पा 3: एका जोडात काय असावं, काय नसावं

सगळं एका मोठ्या कनेक्टरमध्ये घालण्याचा मोह होतो. आपल्या मशीनसाठी मी चार जोड करीन.

मोटरचा जोड स्वतंत्र. ड्राइव्हच्या आउटपुटला शील्डवाली (कोअरभोवती धातूची जाळी असलेली) केबल लागते, आणि तिच्या शेजारून सेन्सरची कोअर गेली तर खोटे सिग्नल येतात. हीटरचा जोड स्वतंत्र. 24 व्होल्टचा सगळा व्यवहार तिसऱ्या जोडात.

थर्मोकपल चौथा आणि एकटा. के-टाइप अंशामागे साधारण 41 मायक्रोव्होल्ट देतो. साध्या पिनांमधून तो नेला आणि त्या पिनांच्या दोन बाजूंच्या तापमानात फरक राहिला, तर तितकी चूक थेट रीडिंगमध्ये शिरते. हीटरच्या तापलेल्या पिनांशेजारी हे हमखास होतं. त्याच धातूंच्या पिना असलेला छोटा थर्मोकपल कनेक्टर मिळतो, तोच घ्या. के-टाइपला के-टाइपचाच.

तपासा: चारही जोड एकमेकांत चुकूनही बसणार नाहीत ना? पिनांची संख्या वेगळी ठेवा. एकसारखे दोन घ्यावेच लागले तर कोडिंग पिन (चुकीचा प्लग आत न जाऊ देणारी) लावा. वेगळ्या रंगाची टेप हे कोडिंग नाही. रात्रपाळीत, मेझनाइनच्या अंधुक उजेडात तो रंग कुणी बघत नाही.

## टप्पा 4: पिन-चार्ट

सगळ्यात जास्त वेळ याला द्या.

24 व्होल्टच्या जोडात आधी मोजणी करू. व्हॉल्व्ह 6, त्यांच्या परतीच्या कोअर 2, सेन्सर सिग्नल 8, सेन्सरचा प्लस आणि मायनस 2, इमर्जन्सी स्टॉपच्या दोन चॅनलसाठी 4, इंटरलॉकसाठी 2. एकूण 24. म्हणजे लोहार चाळीतला 24 पिनचा कनेक्टर "बरोब्बर" बसला असता, आणि चूकही तिथेच झाली असती. एक सेन्सर वाढला की काम अडलं. साधारण 20 टक्के जादा धरा: 24 अधिक 5, म्हणजे 29. शिवाय काही पिना मुद्दाम रिकाम्या ठेवायच्या आहेत. म्हणून मी 30 कोअरची केबल आणि 40 पिनचा, 10 अँपिअरचा इन्सर्ट (कनेक्टरमधला पिना धरणारा भाग) घेईन.

पिना रिकाम्या कशाला? सतत 24 व्होल्ट असलेल्या पिनेशेजारी व्हॉल्व्हची पिन आली आणि मध्ये पाण्याचा थेंब किंवा एक सुटी तार आली, तर पीएलसीने न सांगता व्हॉल्व्ह उडतो. तिथे कुणाचा हात असू शकतो. म्हणून सतत प्लस असलेल्या पिना एका कोपऱ्यात, व्हॉल्व्हच्या दुसऱ्या कोपऱ्यात, मध्ये रिकामी ओळ किंवा सेन्सरचे सिग्नल. इमर्जन्सी स्टॉपचे दोन चॅनलही एकमेकांपासून आणि प्लसपासून लांब.

इंटरलॉकच्या दोन पिनांना मशीनच्या बाजूला एकमेकांत जोडून टाका. प्लग बसला तरच लूप पूर्ण होतो, आणि तो पूर्ण असेल तरच पॅनल स्टार्ट घेईल. असा लूप हीटरच्या आणि मोटरच्या जोडातूनही फिरवा. मोटरच्या केबलमध्ये त्यासाठी वेगळ्या शील्डची जोडी असलेला प्रकार मिळतो. हीटरच्या केबलमध्ये 230 सोबत 24 जात असेल, तर सगळ्याच कोअरचं इन्सुलेशन मोठ्या व्होल्टेजला पुरणारं हवं.

आता मेल-फिमेल. जिकडून सप्लाय येतो तिकडे फिमेल, हा नियम कधीही मोडू नका. सुटलेल्या प्लगच्या उघड्या पिनांवर व्होल्टेज असता कामा नये. साठलेल्या चार्जसाठीही आयईसी 60204-1 मध्ये मर्यादा आहे: प्लग काढल्यावर पिना उघड्या पडत असतील, तर 1 सेकंदात व्होल्टेज 60 च्या खाली यायला हवं.

अर्थ पिन (जमिनीशी जोडणारी) आधी लागणारी आणि शेवटी सुटणारी हवी. चांगल्या कनेक्टरमध्ये ती मुळातच लांब असते. साधी पिन "अर्थ" म्हणून वापरू नका.

सावधान, आरशाची चूक: कनेक्टरची ड्रॉइंग बहुधा समोरून, म्हणजे जोडणीच्या तोंडाकडून काढलेली असतात. वायरमन मागून काम करतो. मागून पाहिलं की 1 नंबर उजवीकडचा डावीकडे जातो. आमच्याच एका कामात पॅनलकडचा गोल कनेक्टर समोरच्या ड्रॉइंगवरून मागून वायर झाला. केबल वेगळी तपासली होती आणि ती बरोबर होती, त्यामुळे कुणाला शंका आली नाही. पहिल्याच पॉवर-ऑनला पीएलसीचं आउटपुट कार्ड गेलं. तेव्हापासून प्रत्येक पिन-चार्टवर मोठ्या अक्षरात "वायरिंगच्या बाजूने" असं लिहितो, आणि पहिली पिन घालण्याआधी इन्सर्टवर कोरलेला नंबर भिंगाने वाचतो.

## टप्पा 5: आता कनेक्टर

चार गोष्टी पाहा: करंट, व्होल्टेज, मुलामा आणि पाणी.

करंट. पाकिटावरचा 16 अँपिअर हा आकडा सगळ्या पिना एकदम पूर्ण भारावर असतानाचा आहे, असं समजू नका. शेजारच्या पिनांची उष्णता आणि भोवतालचं तापमान जसं वाढतं तशी क्षमता घटते. त्यासाठी उत्पादकाचा डीरेटिंग आलेख मागा. त्यात तुमच्या कोअरचा आकार, भारित पिनांची संख्या आणि भोवतालचं तापमान पाहा. पत्र्याच्या छताखालच्या मेझनाइनवर एप्रिलमध्ये 40 अंश धरणं धाडसाचं आहे, हीटरजवळ तर आणखी जास्त. आलेख नसेल तर तो कनेक्टर 24 व्होल्टच्या सिग्नलसाठी वापरा, हीटरसाठी नाही.

उष्णतेचं गणित करंटच्या वर्गाने वाढतं. 2 मिलिओमच्या संपर्कातून 10 अँपिअर गेले तर 0.2 वॅट. तोच संपर्क खराब होऊन 10 मिलिओमचा झाला तर 1 वॅट, तोही इवल्याशा पिनेत.

व्होल्टेज. तयार कनेक्टर घेत असाल तर त्यावरचं रेटेड व्होल्टेज आणि प्रदूषण-श्रेणी (भोवतालची धूळ आणि ओल किती चालेल ते) वाचा. कारखान्यासाठी श्रेणी 3 धरतात. स्वतः इन्सुलेटर बनवून घेत असाल तर अंतरं मोजावी लागतात. थ्री-फेज सप्लायच्या ओव्हरव्होल्टेज श्रेणी 3 मध्ये 4 किलोव्होल्टचा इम्पल्स (क्षणिक उसळी) धरला, तर हवेतलं अंतर किमान 3 मिमी. पृष्ठभागावरून मोजलेलं क्रीपेज सर्वसाधारण प्लास्टिकसाठी 250 व्होल्टला 4 मिमी, 400 ला 6.3 आणि 500 ला 8. आपलं 415 हे 400 च्या पुढे आहे, म्हणून मी थेट 8 धरतो.

इथे एक कळकळीची विनंती. हायलमची (फिनॉलिक लॅमिनेटची) शीट कापून, भोकं पाडून 415 व्होल्टचा पिन-ब्लॉक करू नका. फिनॉलिक पदार्थ ओल धरतो, आणि त्याच्या पृष्ठभागावर कार्बनचा मार्ग लवकर तयार होतो. खाडीकडचा दमट वारा आणि ठाणे-बेलापूर (टीटीसी) औद्योगिक पट्ट्यातली रासायनिक हवा एकत्र आली की हे फार दिवस टिकत नाही. सांगाडा, प्लेट, हूड (कनेक्टरचं बाहेरचं कवच) काय हवं ते बनवा, पण इन्सर्ट आणि पिना तयारच घ्या. फिमेल पिनेतली स्प्रिंग लेथवर होत नाही.

मुलामा. 24 व्होल्टच्या सेन्सरचे काही मिलिअँपिअर आणि थरथरणारं मशीन, अशा ठिकाणी सोन्याचा मुलामा सार्थकी लागतो. टिन थरथराटाने घासून ऑक्साइड धरतो. पॉवरसाठी चांदी उत्तम, पण गंधकयुक्त वाफा असतील तर ती काळवंडते. एका बाजूला टिन आणि दुसऱ्या बाजूला सोनं, असं कधीच जोडू नका.

पाणी. आयपी 65 किंवा 67 हा धूळ-पाण्यापासूनच्या संरक्षणाचा आकडा प्लग पूर्ण बसून, लिव्हर लॉक होऊन आणि योग्य ग्लँड (केबल धरून फट बुजवणारा भाग) घट्ट असतानाचाच असतो. प्लग सुटा असताना झाकण नसेल तर तो आकडा विसरा. केबल वरून आत शिरणारा हूड शक्यतो टाळा. बाजूने किंवा खालून घ्या, आणि केबलला प्लगच्या आधी खाली झुकणारा झोल द्या, म्हणजे ओघळलेलं पाणी तिथून गळून जाईल.

तपासा: केबलचा बाहेरचा व्यास व्हर्निअरने मोजला का? ग्लँडची पकड-मर्यादा तीच आहे का? आटे मेट्रिक आहेत की जुन्या पीजी मापाचे? एम 25 चा ग्लँड पीजी 21 च्या भोकात घालून टेफ्लॉन टेप गुंडाळलेली मी खूप पाहिली आहे. ती ओढही धरत नाही आणि पाणीही.

## टप्पा 6: जोडणी, याच क्रमाने

1. ग्लँडचा नट, सील, ग्लँड आणि हूड आधी केबलवर सरकवा. 30 पिना क्रिंप झाल्यावर हूड टेबलावर दिसला, की सगळं कापून पुन्हा करावं लागतं.

2. शीथ (केबलचं बाहेरचं आवरण) सोला. कोअरवर पात्याची रेघ उमटली तर तेवढा तुकडा कापून टाका.

3. अर्थची कोअर बाकीच्यांपेक्षा थोडी लांब ठेवा. केबल ओढली गेली तर ती शेवटी तुटली पाहिजे.

4. शील्ड पिळून लांब शेपूट करू नका. हूडच्या किंवा ग्लँडच्या क्लॅम्पने ती चारही बाजूंनी धरली पाहिजे. मोटरच्या केबलला हे सक्तीचं समजा.

5. पिनेच्या मापाप्रमाणे इन्सुलेशन सोला. तारा खिडकीतून दिसल्या पाहिजेत, इन्सुलेशन क्रिंपच्या आत जाता कामा नये, एकही तार बाहेर नको.

6. त्या पिनेसाठी नेमलेल्या रॅचेट टूलनेच क्रिंप करा. पक्कडीने दाबलेली पिन आज मल्टिमीटरचा बझर देते आणि दोन महिन्यांनी तापते. क्रिंपवर वरून सोल्डर घालू नका. स्क्रू टर्मिनल असेल तर कोअरला कथिलही लावू नका, ते दाबाखाली हळूहळू पसरतं आणि स्क्रू सैल होतो. तिथे फेरूल (तारांच्या टोकावर दाबायची नळी) वापरा.

7. मधल्या ओळीपासून बाहेर अशा क्रमाने पिना भरा. प्रत्येक पिन घातल्यावर हलकेच मागे ओढून पाहा. टिकली तरच पुढची. जादा कोअरही दोन्ही टोकांना पिन लावून बसवा आणि चार्टवर नोंदवा.

8. आधी स्ट्रेन रिलीफ, मग ग्लँड. केबलला दिलेला झटका पिनांपर्यंत पोहोचता कामा नये.

तपासा, ओढ-चाचणी: काम सुरू करण्याआधी त्याच केबलच्या तुकड्यांवर तीन नमुना पिना क्रिंप करा आणि स्प्रिंग काट्याने ओढा. आयईसी 60352-2 नुसार 0.5 ला किमान 60 न्यूटन, 0.75 ला 85, 1.5 ला 150, 2.5 ला 230. साधारण 10 ने भागलं की किलो मिळतात. नमुना त्याआधी सुटला तर टूलचं सेटिंग किंवा पिनेचं माप चुकलं आहे, पुढे जाऊ नका.

## टप्पा 7: चाचणी

मल्टिमीटरचा बझर लावून 1 ते 1, 2 ते 2 पाहिलं की काम संपलं, असं समजतात. ती अर्धीच चाचणी आहे. प्रत्येक पिन बाकीच्या सगळ्या पिनांशी आणि अर्थशी जोडलेली नाही, हेही पाहावं लागतं. बझर लावलेला असताना प्लगजवळ केबल हलवा, आवाज तुटला तर ती पिन उघडा.

मग इन्सुलेशन. पीएलसी, ड्राइव्ह, सेन्सर सगळं सोडवून, केबल दोन्ही टोकांना मोकळी करूनच मेगर (इन्सुलेशनचा रोध मोजणारं यंत्र) लावा. पॉवर सर्किट आणि अर्थ यांच्यामध्ये 500 व्होल्ट डीसीला किमान 1 मेगओम हवा. नव्या, कोरड्या केबलला मात्र शेकडो मेगओम यायला हवेत. 2-3 मेगओम येऊन "पास" झालेली नवी केबल मी पाठवत नाही, कुठेतरी ओल किंवा खरचटलेली कोअर असते.

अर्थचा रोध साध्या मल्टिमीटरने ठरवू नका. त्याच्या लीडचाच रोध मोजमापापेक्षा मोठा भरतो. अर्थ कंटिन्यूटी टेस्टर वापरा.

त्यानंतर पिन-चार्ट हातात घेऊन, कार्ड लावण्याआधी, 24 व्होल्ट चालू करून मशीनच्या बाजूच्या टर्मिनलवर ध्रुवता (प्लस-मायनस) मोजा. आरशाची चूक इथे पकडली जाते आणि नुकसान काहीच होत नाही.

शेवटी भार. हीटर पूर्ण भारावर तासभर चालवा आणि थर्मल कॅमेऱ्याने हूड पाहा. सप्लाय बंद व लॉक करून प्लग उघडा आणि पिना लगेच पाहा. एखादी पिन शेजारणींपेक्षा ठळक गरम दिसली तर तिचं क्रिंप पुन्हा करा. ड्राइव्हचा डीसी बस (आत साठलेलं व्होल्टेज) उतरायला मॅन्युअलमध्ये दिलेला वेळ थांबा, मगच मोटरच्या प्लगला हात लावा.

प्रत्येक हूडवर "चालू भारावर काढू नये" अशी न पुसणारी पट्टी लावा. बहुतेक बहुपिनी कनेक्टर करंट तोडण्यासाठी बनवलेले नसतात. लिव्हर ओढताना आत ठिणगी पडते, आणि पुढच्या जोडणीपासून तोच संपर्क तापू लागतो.

पिन-चार्टची एक प्रत पॅनलच्या दारात आणि दुसरी, प्लास्टिकमध्ये घालून, मशीनच्या जंक्शन बॉक्समध्ये ठेवा. तिच्यावर केबलचा आकार, क्रिंप पिनेचा आणि टूलचा नंबर लिहा. सोबत दहा जादा पिना आणि पिन काढायचं टूल द्या. साइटवरच्या वायरमनकडे ते नसलं की तो स्क्रू ड्रायव्हरने पिन उपसतो आणि इन्सर्टची खाच मोडते.